मदरबोर्ड जाईपर्यंत : घरगुती लॅपटॉप-दुरुस्तीचे पहिले धडे

अभिनंदन! तुमच्या घरातला लॅपटॉप बिघडला आहे. पुरता गेलेला नाही, हीच खरी संधी. सुरू व्हायला तो चहा टाकून, गाळून, पिऊन होईल एवढा वेळ घेतो, मध्येच त्याचा पंखा घरघरायला लागतो आणि परवा मुलीचं प्रेझेंटेशन चालू असताना पडदा काळाठिक्कर पडला. सामान्य माणूस अशा वेळी तो पिशवीत घालून दुकान गाठतो. तुम्ही तसे नाही. तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे, रविवार आहे आणि यूट्यूबवर पाहिलेला एक व्हिडिओ आहे. तोही अर्धाच, पण कळायला तेवढा पुरतो.

पुढच्या पायऱ्या नवशिक्यांसाठी आहेत. तांत्रिक ज्ञान लागत नाही. असलंच तर थोडं बाजूला ठेवा, कामात व्यत्यय येतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुरबुर नको. लॅपटॉप चालू करणं हे आपलं उद्दिष्ट नाही. ते दुकानातलं विशीतलं पोरही करतं. "आपल्याकडे यातलं कळतं कोणाला?" असं कुणी विचारलं की घरातल्या सगळ्यांनी निमूटपणे तुमच्याकडे पाहिलं पाहिजे, हे उद्दिष्ट. लॅपटॉप हे केवळ साधन, आणि साधनं झिजायचीच.

१. आधी आरोपी ठरवा

निदान नंतर. पहिला प्रश्न हॉलच्या मधोमध उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारायचा : "याला शेवटचा हात कोणी लावला?"

घरात मुलगा असेल तर काम सोपं आहे. त्यानं गेम टाकला असणार. टाकला नसेल तर टाकायचा विचार केला असणार. मुलगी असेल तर तिचे व्हिडिओ. आई असतील तर रोज सकाळी येणारे सूर्योदय, गुलाब आणि सुविचार. ते आईंच्या फोनवर येतात, लॅपटॉपवर नाही, हा झाला तपशील. स्वतःचं नाव यादीत येऊ देऊ नका. तज्ज्ञ कधी संशयित नसतो.

इथे एक धोका आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं चुकूनसुद्धा एकदम दाबू नका. दाबलीत तर टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क कोण किती खातंय ते नावानिशी, टक्क्यांसकट समोर येतं. तिथं पहिल्या नंबरावर तुमचाच ब्राउझर निघाला आणि त्यात गेल्या गणपतीपासून उघडे राहिलेले रेल्वे आरक्षण, सातबारा आणि गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय सापडले, तर अख्खा खटला उलटतो. तिथंच 'स्टार्टअप' नावाचा एक भाग असतो. लॅपटॉप उठता उठता कोण कोण आपणहून जागं होतं, त्याची ती यादी. त्यात भंगारात दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस असतो, लॅपटॉपसोबत फुकट आलेला अँटिव्हायरस असतो आणि त्याच्यावर भरवसा नाही म्हणून तुम्ही टाकलेला दुसरा अँटिव्हायरसही असतो. निम्मी मंडळी तिथल्या तिथे 'डिसेबल' करता येतात. एवढ्यानंच कित्येकदा लॅपटॉप चटकन उठायला लागतो आणि तुम्ही काही केलंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. असल्या उपायांपासून चार हात लांब राहा.

२. रिफ्रेश करा

डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा राइट क्लिक, रिफ्रेश. बोटाला लय सापडेपर्यंत करत राहा. सायबर कॅफेच्या काळापासून चालत आलेली ही उपासना आहे. कुणी सुरू केली माहीत नाही, मोडायची कुणाची छाती नाही. या क्रियेनं पडद्यावरचे आयकॉन नव्यानं रेखाटले जातात. बाकी काही होत नाही. पण करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते रॅम वाढवूनही उमटत नाही.

बघायला माणसं जमली असतील तर पुढचा प्रयोग करा. विंडोजचं बटण आणि आर, मग छोट्या चौकोनात 'टेम्प', एंटर, सगळं निवडा, डिलीट. नंतर त्याच ऐटीत 'प्रीफेच'. खिडक्या उघडतात, फायली भराभर उडताना दिसतात, मागे उभा असलेला मेहुणा "अरे वा" म्हणतो. प्रीफेचमध्ये प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजनंच करून ठेवलेल्या नोंदी असतात आणि त्या पुसल्या की तेच प्रोग्राम पुढच्या वेळी जरा उशिरानं उघडतात, हे मेहुण्याला सांगायची गरज नाही.

बंद करून चालू करणं हा उपाय मात्र जपून वापरा, कारण तो लागू पडतो. त्यातही एक मेख आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की तुम्ही रात्री 'शट डाउन' केलंत तरी यंत्रणेचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी आपल्या सगळ्या गुंत्यांसह परत उचलला जातो. 'रीस्टार्ट' केलं तरच तो नव्यानं सुरू होतो. आणि झाकण मिटणं म्हणजे तर नुसती डुलकी. तेव्हा रोज रात्री इमानदारीनं लॅपटॉप बंद करणाऱ्या घरातही तो कित्येक आठवडे खऱ्या अर्थानं बंद झालेलाच नसतो. हे गुपित पोटात ठेवा आणि 'रीस्टार्ट' रविवारी संध्याकाळी, सगळे थकल्यावर करा. चालू झाला तर श्रेय दिवसभराच्या मेहनतीला जातं.

३. पडदा काळा पडल्यास

थाप मारा. दूरदर्शनच्या काळात टीव्हीच्या डोक्यावर मारलेल्या थापेनं छायागीत परत यायचं. ती विद्या वाया का घालवायची? लॅपटॉप जुना असेल आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर परिणाम जास्त ठळक दिसतो. तिच्या चकत्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेऱ्या घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. तुमची थाप नेमकी बसली तर ते अंतर शून्य होतं. मग पडदा उजळतो किंवा उजळत नाही, पण भाचीच्या लग्नाचे फोटो मात्र नक्की जातात.

काही भित्रे लोक आधी भलतंच करतात. ब्राइटनेस शून्यावर गेलाय का, ते बघतात. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरतात. आत अंधुक चित्र दिसलं तर पडदा शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय, एवढं त्यांना त्यावरून कळतं. एचडीएमआयची केबल घेऊन लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडतात. टीव्हीवर चित्र आलं तर दुखणं पडद्याचं किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचं, बाकी लॅपटॉप ठणठणीत. पाच मिनिटांत निदान, तेही फुकट. यात कसलं आलंय कौशल्य?

४. गरम होत असल्यास गोधडीवर ठेवा

बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि बाजूनं किंवा मागून सोडतात. म्हणून आपल्याकडे तो पलंगावर, गोधडीवर, नाहीतर मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप असा थाटात बसवतात. खालची जाळी बंद झाली की आतली उष्णता आतच राहते. प्रोसेसर शंभरेक अंशांच्या जवळ पोचला की जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. लॅपटॉप 'स्लो' होतो. तुम्ही 'व्हायरस आलाय' म्हणता. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

आता कूलिंग पॅड आणा. निळे दिवे लागणारा. तो गोधडीवर ठेवा.

तरीही भागलं नाही तर पंख्यात फुंकर मारा. तोंडानं, हवा थोडी दमट असली तरी माया असते तिच्यात. पुढची पायरी व्हॅक्यूम क्लीनर. त्याच्या ओढीनं लॅपटॉपचा एवढासा पंखा जन्मात फिरला नसेल इतक्या वेगानं फिरतो, बेअरिंगचं कल्याण होतं, वर नळीच्या टोकाला तयार होणारी स्थिर वीज बोर्डाला गुदगुल्या करते. पंखा काडीनं अडवून धरायचा आणि दाबलेल्या हवेच्या डब्यानं थोडी थोडी हवा सोडायची, ही झाली पुस्तकी पद्धत. तिनं पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पात्यांच्या मध्ये साचलेला धुळीचा नमदा निघून येतो. दोन-तीन वर्षं रोज वापरलेल्या लॅपटॉपमधून तो अख्खाच्या अख्खा चौकोनी निघतो. पण धूळ काढल्यावर लॅपटॉप इतका शांत होतो की घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

थर्मल पेस्ट वाळली असेल तर टूथपेस्ट लावा असं सांगणारे गुरू तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐका. पहिले काही तास खरंच बरं वाटतं. मग ती वाळून खडू होते आणि प्रोसेसरला पुदिन्याचा वास येत राहतो.

५. उघडा

हा सोहळा आहे, घाई नको. डायनिंग टेबलावरचं सगळं उचलायला लावा. "आज जेवण हॉलमध्ये" अशी घोषणा करा. मोठा दिवा आणवा. "अहो, त्या दुकानातल्या मुलाला का नाही बोलवत?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून येईल. उत्तर देऊ नका, फक्त चष्मा कपाळावर चढवा.

हत्यारं : चष्मेवाल्यानं फुकट दिलेला स्क्रू-ड्रायव्हर, स्वयंपाकघरातलं पातळ उलथणं, सुरी, आणि मनगटात जोर. फटीत घालायला गिटार वाजवायची प्लॅस्टिकची पट्टी वापरतात असं ऐकिवात आहे. आपल्या घरात गिटार कुठून येणार?

सगळे स्क्रू काढून एकाच वाटीत टाका. हे महत्त्वाचं. त्यांची लांबी एकसारखी नसते. पुढचे आखूड, मागचे लांब, बिजागरीजवळचे आणखी वेगळे. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवणारे लोक आहेत, पण त्यांच्या आयुष्यात रंगत नाही. वाटीतला लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो पलीकडच्या टचपॅडला खालून टेंगूळ आणतो किंवा थेट बोर्डात शिरतो. पिळताना थोडा विरोध जाणवेल. त्याला दाद देऊ नका.

झाकण निघत नसेल तर दोन स्क्रू रबरी पायांखाली आणि एक स्टिकरखाली दडलेला असतो. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर उत्तम. उलथणं घाला आणि रेटा. 'कट्' असा आवाज येईल. घरातले सगळे एकदम तुमच्याकडे पाहतील. शांतपणे म्हणा, "तो आवाज यायलाच हवा." पुढचा 'कट्' जरा मोठा असेल. तेव्हाही तेच वाक्य. तिसऱ्यांदा मात्र मुलगी विचारते, "बाबा, प्लॅस्टिकचा तुकडा खाली पडला तो कसला?" त्यावर तिला पाणी आणायला पाठवा.

झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवायची असते, मग बाकी कशालाही हात. ही गोष्ट लक्षात न राहिलेली माणसं नंतर "एक ठिणगी दिसली बुवा, बारीकशी" असं सांगतात. कीबोर्डची चपटी रिबन केबल ओढून काढा. ती एका चिमुकल्या पट्टीखाली अडकवलेली असते आणि नखानं पट्टी उचलली की लोण्यासारखी सुटते. पण ओढल्यावर जी पट्टी हातात येते, तिची गोष्ट नातवंडांना सांगता येते.

आत एखादं झुरळ मिळालं तर निराश होऊ नका, तुमची गणना मोठ्या लोकांत झाली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्क टू या अगडबंब संगणकाच्या रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवून ठेवला. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. तुम्हीही झुरळ वाण्याच्या वहीत डकवा. वॉरंटीवाल्यांना दाखवायला पुरावा होतो.

आता रॅम काढा आणि खोडरबरनं घासा. हसू नका. आपल्या देशातल्या दुकानांत हे खरंच चालतं, आणि कधीकधी लागूही पडतं : सोनेरी दातांवर बसलेला थर निघतो, पट्टी काढून पुन्हा नीट बसवली जाते, आणि चालू करताना बीप-बीप करून रुसलेला लॅपटॉप बोलू लागतो. मऊ पांढऱ्या खोडरबरनं, हलक्या हातानं केलं तर. तुम्ही मात्र पेन खोडायचा निळा भाग वापरा. तो कागदाला भोक पाडतो, मग सोन्याचा मुलामा काय चीज आहे?

परत जोडताना चार-पाच स्क्रू उरतील. कंपनी जास्तीचेच देते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवा. मागच्या वेळचे तिथेच आहेत.

६. चहा सांडल्यास

तांदूळ. आई पहिल्यांदा तेच सुचवणार. नुसता सल्ला देऊन त्या थांबणार नाहीत, कोलमचा डबाच घेऊन येतील. खरं तर तुमचा लॅपटॉप या उपचारात आधीच पुढे आहे : खंडेनवमीला त्यावर हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या, त्यातल्या काही अजून एंटरच्या बटणाखाली आहेत.

तांदूळ ओलावा ओढतो तो वरवरचा, आणि बदल्यात पिठूळ कण आत सोडतो. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनंही भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं आपल्या सूचनांत लिहून टाकलं. परदेशी कंपन्यांना आपल्या कोठीघराची किंमत काय कळणार? आपल्या चहाचा प्रश्न तर पाण्याचा नसतोच, साखरेचा आणि दुधाचा असतो. पाणी वाळून जातं. साखर बोर्डावर बसून राहते, आणि विजेच्या संगतीनं गंज धरायला लागतो. म्हणून लॅपटॉप आज चालतो, उद्या चालतो आणि पंधरवड्यानं, तुम्ही "बघ, काही झालं नाही ना?" असं म्हटल्यावर, जातो.

चार्जर ताबडतोब काढणं, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करणं, अर्धवट उघडून पालथा ठेवणं आणि साफ होईपर्यंत पुन्हा चालूच न करणं, या गोष्टींना मोह आवरावा लागतो. आपल्याला 'चालतोय का' ते दर पाच मिनिटांनी बघायचं असतं. बघा. हेअर ड्रायरही आणा, म्हणजे जे वर होतं ते नीट आत जाईल.

७. टचपॅड वर आला असल्यास

इथे थांबा.

टचपॅड दाबला जात नाही, खालचं झाकण टेबलावर नीट टेकत नाही, कडेला फट पडलीय : यातलं काहीही दिसलं तर आत बॅटरी फुगली आहे. लिथियमच्या सेलमध्ये वायू साचला की असं होतं. ती टोचायची नसते, दाबायची नसते, वाकवायची नसते आणि चार्जिंगला तर लावायचीच नसते. या एका प्रकरणात आमचा सगळा तज्ज्ञपणा सोसायटीच्या गेटपर्यंत पळत जातो. २००६ च्या ऑगस्टमध्ये आगीच्या भीतीनं डेलनं सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. त्या मागवणाऱ्यांकडे तर तुमच्यापेक्षा जास्त स्क्रू-ड्रायव्हर होते. बंद करा, वायर काढा, दुकानात न्या आणि नवी बॅटरी टाका. टचपॅडवर शब्दकोश ठेवून तो 'बसवायचा' विचार मनात आला असेल तर शब्दकोश परत कपाटात ठेवा.

चला, आता पुन्हा आपल्या पातळीवर येऊ. चार्जर कोणाचाही चालतो. पिन शिरली म्हणजे जमलं. लॅपटॉपला ६५ वॅट लागतात आणि तुम्ही फोनचा लावलात, तर तो संध्याकाळपर्यंत 'चार्जिंग' लिहीत राहील आणि टक्के कमी होत जातील. यातून संयम वाढतो. पत्र्याच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिसरी पिन कापून टाकलेला तो प्लग तसाच राहू द्या. अडॅप्टरमधून निसटणाऱ्या किंचित प्रवाहाला अर्थिंग मिळालं नाही की तो तुमच्या बोटातून वाट काढतो. काही घरांत यालाच लॅपटॉप 'पॉवरफुल' आहे असं म्हणतात.

८. फुकटचा क्लीनर उतरवा

'पीसी बूस्टर', 'रॅम डॉक्टर', 'ड्रायव्हर अपडेटर', नाव कुठलंही चालेल, रंग हिरवा हवा. तो पहिल्याच मिनिटात शेकड्यांनी चुका शोधून देतो. तुमच्या घरातल्या इतर कुणालाही एवढ्या झपाट्यानं चुका सापडत नाहीत (सासरेबुवा सोडून). मग पैसे मागतो. एसएसडी असेल तर ती जुन्या पद्धतीनं डीफ्रॅगमेंटही करून घ्या. तिच्यात फिरणारी चकती नसते, त्यामुळे तुकडे शेजारी शेजारी आणून वेगात फरक पडत नाही, उगाच लिहिण्याचे फेरे तेवढे वाढतात.

एखाद्या दिवशी पडदाभर लाल इशारा येईल, भोंगा वाजेल आणि खाली मदतीचा फोन नंबर दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो, असं ती कंपनी सांगते. तुम्ही फोन लावा. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीनं बोलेल, "सर" म्हणेल. घरात तुमच्याशी इतक्या आदरानं कोण बोलतं? तो सांगेल ते ॲप टाका, तो मागेल तो ओटीपी द्या. दुपारपर्यंत लॅपटॉपचा नव्हे, पण बँकेच्या खात्याचा भार नक्की हलका होईल.

९. फॉरमॅट मारा

सर्व विद्यांचं सार. ताप असो, खोकला असो, फॉरमॅट. फॉरमॅट 'करत' नाहीत, 'मारतात'. तेव्हा आवेशानं मारा.

बॅकअपची काळजी नको. सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. मुंजीचे फोटो, फ्लॅटची कागदपत्रं, आयकराची विवरणपत्रं, आजोबांच्या आवाजातली रामरक्षा. सी म्हणजे विंडोजचं, डी म्हणजे आपलं, आणि डी सुरक्षित. ही श्रद्धा मराठी घरांत इतकी खोल रुजलेली आहे की सी आणि डी ही एकाच डिस्कवर आखलेल्या दोन चौकटींची नावं आहेत, हे सांगणाऱ्याला पंगतीत वाढत नाहीत. डिस्क गेली की दोन्ही एकाच तिकिटावर जातात. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत ठेवली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. पण मग फॉरमॅट मारताना छातीत जे धडधडतं, तेही गेलं असतं.

जाता जाता एक घातक माहिती, वाचून विसरा. तुमचा तो जुना लॅपटॉप मंद आहे याचं कारण बहुतेक वेळा ती फिरणारी चकतीच असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते. हेडला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपासच जागा धुंडाळता येतात. साध्या एसएसडीला हेच काम सेकंदाला हजारोंनी जमतं. चकतीच्या जागी ती बसवली आणि चार जीबीची रॅम आठ केली, तर आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा तरुण होतो. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानं किरकोळ. म्हणूनच हा उपाय कुणी करत नाही : जो लॅपटॉप मुकाट्यानं चालतो, त्याच्या घरात तज्ज्ञाला काय काम?

नवं विंडोज टाकायचं म्हणाल, तर तिथेही तुमच्यासाठी तयारी आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय मागतं, जी बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये नाही किंवा बायोसमध्ये बंद करून ठेवलेली आहे. बायोसमध्ये शिरा. निळा पडदा, इंग्रजी अक्षरं, माऊस नाही. तिथलं दिसेल ते बदला आणि 'सेव्ह अँड एक्झिट' करा.

१०. दुकानात जा

आता जायला हरकत नाही. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर स्टँडसमोरचं 'ऑल टाइप्स ऑफ लॅपटॉप रिपेअर'. काउंटरवरचा मुलगा लॅपटॉप उलटा करतो, कडेवरचे सुरीचे वळ बघतो आणि विचारतो, "काका, कोणी उघडला होता का?"

"नाही."

हे उत्तर घरून पाठ करून जा. आवाज स्थिर हवा. तो झाकण काढेल तेव्हा आतून एक अक्षता, एक स्क्रू आणि पुदिन्याचा मंद वास बाहेर येईल. तुम्ही भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत राहा. मल्टिमीटरची टोकं इकडेतिकडे टेकवून तो मान हलवतो आणि ज्या वाक्यासाठी आपण नऊ पायऱ्या चढलो ते म्हणतो : "मदरबोर्ड गेलाय."

या निदानाची खुमारी अशी, की त्यात कुणाचाच दोष नसतो. गोधडीचा नाही, चहाचा नाही, उलथण्याचा तर नाहीच. बोर्ड आहे, तो जातो. हे वाक्य घरी आल्यावर चपला काढायच्या आधी, जड आवाजात सांगा आणि पुढे जोडा, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं." म्हटलं नव्हतं, पण आता सिद्ध कोण करणार?

मृत लॅपटॉप अधिकृत पुनर्वापर केंद्राला देता येतो; ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तुम्ही तो मूळच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पार्ट कामाला येतात.

इथून पुढे तुमची कीर्ती जिन्यानं पसरेल. "यांना लॅपटॉपमधलं सगळं कळतं, यांनी पूर्ण उघडला होता," असं बायको खालच्या मजल्यावर सांगेल, आणि त्यात खोटं काही नाही. आठवड्याभरात पाटीलकाकू दारात उभ्या राहतील. त्यांच्या हातात प्रिंटर असेल. तो घेऊ नका. पाठदुखीचं सांगा, गावाला निघालोय म्हणा, दार लावून घ्या. प्रिंटर दुरुस्त करण्याची विद्या अजून कुणाला वश झालेली नाही, आणि आम्हीही कधी त्याच्या वाटेला गेलेलो नाही.